मराठी गटाचा आकडा मोठा आला, म्हणजे स्टिग्मा जास्त आला का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं बोलणं कळेल. बेळगाव जिल्ह्यात सार्वजनिक आरोग्याचा प्रबंध करणाऱ्या एका विद्यार्थिनीनं एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या स्टिग्माची (आजारापायी नाव ठेवलं जाणं, दूर लोटलं जाणं आणि त्याची धास्ती) एक इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणि कानडीत आणली. भाषांतर झालं, उलट भाषांतर झालं (म्हणजे ते परत इंग्रजीत आणून मूळ प्रश्नांशी ताडून बघणं), मुलाखती झाल्या. क्रोनबॅक अल्फा, म्हणजे प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, दोन्हीकडं चांगला आला, मराठीत तर 0.9 च्या वर. सरासरी गुणही मराठी गटाचे जास्त आले. आता मार्गदर्शक म्हणतात, ‘मराठी भाषकांमध्ये स्टिग्मा अधिक’ असं लिहून टाका. तिचा हात अडखळतोय. ती विचारते, लिहू का?

नका लिहू. निदान आत्ता तरी नको. जिथं दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर यावरून तंटे होतात, त्या गावात असला निष्कर्ष छापला तर लोक तुमचा तिसरा तक्ता बघायला थांबणार नाहीत. पण ते सोडा. राजकारण नसतं तरी मी हेच सांगितलं असतं, कारण तुमच्या आकड्यांवरून दोन गटांत फरक आहे एवढंच कळतं. तो फरक माणसांत आहे की मापात, हे त्यावरून कळत नाही.

माझ्या स्वतःच्या फजितीपासून सुरुवात करते. बरीच वर्षं झाली. निपाणी भागात विडी वळणाऱ्या बायकांमध्ये आम्ही अशीच एक प्रश्नावली घेऊन फिरत होतो. मूळ प्रश्न होता, तुम्ही जिथं नोकरी करता तिथल्या वरिष्ठाला तुमच्या आजाराची माहिती आहे का. ‘नियोक्ता’ हा शब्द कुणालाच कळणार नव्हता, म्हणून भाषांतर करणाऱ्यानं सुटसुटीत केलं: “तुमच्या मालकांना तुमच्या आजाराबद्दल माहीत आहे का?” उलट भाषांतर अगदी नेमकं आलं आणि आम्ही खूश झालो. पहिल्याच दिवशी एका बाईला हा प्रश्न विचारला. सुपातली पानं कात्रीनं कापता कापता ती वर न बघता म्हणाली, “मालकास्नीच पयल्यांदा झालता की वो.”

या भागात मालक म्हणजे नवरा, हे मला जन्मापासून माहीत. माझी आजी आजोबांना दुसरं काही म्हणतच नसे. तरी टेबलाशी बसून मसुदा तपासताना ते ध्यानात आलं नाही, कारण माझ्या डोक्यात कारखाना होता. त्या बाईचं उत्तर फॉर्मवर ‘हो’ असं गेलं असतं आणि ‘कामाच्या ठिकाणी आजार सांगितलेला आहे’ या रकान्यात मोजलं गेलं असतं. ती एक वाक्य जास्तीचं बोलली म्हणून आम्ही वाचलो. नुसतं “हो” म्हणणाऱ्या किती जणी त्याआधी किंवा त्यानंतर तशाच निसटल्या असत्या, त्याचा हिशोब लागत नाही.

उलट भाषांतराचं हेच आहे. शब्द परत मूळ जागी पोचतो का एवढं त्यातून कळतं. ऐकणाऱ्याच्या मनात तो कुठं जाऊन बसला, ते कळत नाही. ही पद्धत 1970 च्या सुमारास रूढ झाली तेव्हा ती मोठीच सुधारणा होती. आज ती नुसती पहिली पायरी आहे, आणि बहुतेक प्रबंध तिथंच थांबतात.

आता तुमच्या अल्फाकडं येते, कारण मार्गदर्शकांचा सगळा भरवसा त्याच्यावर दिसतोय. अल्फा एवढंच सांगतो की प्रश्न एकमेकांबरोबर हलतात. प्रश्नांची संख्या वाढवली की तो आपोआप फुगतो. दोन-दोन प्रश्नांमधला सरासरी सहसंबंध अवघा 0.2 असला, तरी 40 प्रश्नांचा अल्फा 0.91 येतो. तोच सहसंबंध ठेवून 10 प्रश्न घेतले तर 0.71. कागद काढून गुणाकार करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि एक गोष्ट पुस्तकात ठळकपणे सांगत नाहीत. समोरचा माणूस कंटाळून किंवा आदरापोटी सगळ्यालाच “हो, हो” म्हणत गेला, तरी अल्फा उत्तम येतो. आपल्याकडं ‘मॅडम एवढ्या लांबून आल्यात, त्यांना नाही कशाला म्हणा’ ही वृत्ती असतेच. तेव्हा मराठीत अल्फा जास्त येणं ही शाबासकीची गोष्ट असेलच असं नाही. मराठी मुलाखती घेणारी मुलगी जास्त गोड बोलणारी होती, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

मग विश्वसनीय म्हणजे काय? एकाच माणसाला दोन आठवड्यांनी परत विचारलं तर साधारण तेच उत्तर यावं. दोन वेगळ्या मुलाखतकारांना तेच उत्तर मिळावं. आणि दोन भाषांमधल्या, पण सारखीच परिस्थिती भोगणाऱ्या दोन माणसांना सारखेच गुण पडावेत. तुमचा प्रश्न या तिसऱ्या गोष्टीत अडकलाय आणि अल्फा त्याबद्दल गप्प आहे.

मोजायचं काय, हे आधी नीट ठरवावं लागतं. बर्गर यांची 2001 सालची 40 प्रश्नांची प्रश्नावली अमेरिकेतली. तिच्यात चार धागे आहेत: प्रत्यक्ष सोसलेली वागणूक, सांगण्याची भीती, स्वतःबद्दलची हीन भावना आणि लोकांच्या मताची धास्ती. आफ्रिकेतल्या पाच देशांत मिळून जी 33 प्रश्नांची प्रश्नावली 2007 मध्ये आली, तिचं आधीचं काम लोकांच्या गटचर्चांतून झालं, त्यामुळं तिचे धागेही वेगळे निघाले. त्यात शिवीगाळ वेगळी, दवाखान्यातली हेळसांड वेगळी, लागण होईल ही भीती वेगळी. आपल्या कामाला सगळ्यात जवळचा अभ्यास स्टीवर्ड आणि सहकाऱ्यांचा, दक्षिण भारतातला, 2008 चा. त्यांनी आधी 16 जणांशी सविस्तर बोलून घेतलं आणि मग 229 जणांची पाहणी केली. त्यांना दिसलं की प्रत्यक्ष भेदभाव झाल्याचं लोक तुलनेनं कमी सांगतात, पण ‘दुसऱ्या कुणाचं तरी असं असं झालं’ ही ऐकीव गोष्ट त्यांच्या मनात खोल बसलेली असते आणि तिच्यापायी ते आजार दडवून ठेवतात. म्हणून त्यांनी या ऐकीव स्टिग्मासाठी एक वेगळा धागाच जोडला. तयार चौकट आणून तीत माणसं बसवण्याऐवजी माणसं बघून चौकट वाढवली, हे मला त्या कामात सर्वांत मोलाचं वाटतं.

यात तुमच्यासाठी एक खाच आहे. ‘तुम्हाला घरातून बाहेर काढलं का’, ‘शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं का’ हे प्रश्न ज्याचा आजार कुणालाच माहीत नाही त्यालाही विचारले जातात. तो खरंच सांगतो, “नाही.” आणि आपण त्याला शून्य गुण देतो. गोळ्यांच्या डबीवरचं लेबल नखानं खरडून काढणारा, प्रवासात ती वाजू नये म्हणून आत कापूस कोंबणारा, घरी ‘बीपीची गोळी’ म्हणून सांगणारा माणूस तुमच्या तक्त्यात सगळ्यात कमी स्टिग्मा असलेला ठरतो. तेव्हा आधी विचारा, कुणाकुणाला माहीत आहे. मग ज्यांना माहीत आहे त्यांच्याच वागण्याबद्दल विचारा, आणि भागाकार तेवढ्याच लोकांवर करा. तुमच्या कानडी गटात न सांगितलेल्यांचं प्रमाण जास्त असेल, तर त्यांचे गुण कमी येण्याचं कारण तिथंच सापडेल. हे तर तुमच्याकडं असलेल्या माहितीतूनही आज तपासता येईल.

आता शब्द. ‘कलंक’ मराठीतही आहे आणि कानडीतही, म्हणून भाषांतरकार दोन्हीकडं तोच घालून मोकळे होतात. दोन्हीकडं तो व्यासपीठावरचा शब्द आहे. घरात माणसं म्हणतात, नाव ठेवतात, नजर बदलते, मान खाली जाते, तोंड दाखवायला जागा उरली नाही, भावकीत काय सांगू. कानडीत म्हणतात, मर्यादे गेली. आता आपल्या मराठीत मर्यादा म्हणजे सीमा, किंवा सुनेनं पाळायची ती. कानडीत मर्यादे म्हणजे मान, इज्जत. दोन्ही भाषा येणारा भाषांतरकार घाईत असला की इथं हमखास घसरतो. अनुमानाचंही तसंच. मराठीत ते तर्कशास्त्रात बसतं, कानडीत अनुमान म्हणजे संशय. ‘लोक माझ्यावर संशय घेतात’ हे वाक्य कानडीतून मराठीत परत येताना ‘लोक माझ्याबद्दल अनुमान काढतात’ असं आलेलं मी पाहिलंय. अर्थाला धार होती, ती गेली.

उलट्या प्रश्नांचं तर विचारूच नका. लोक सरसकट हो म्हणू नयेत म्हणून परदेशी प्रश्नावल्यांत काही वाक्यं मुद्दाम उलटी असतात. ‘मला एचआयव्ही असल्याची लाज वाटत नाही’ असं वाक्य मराठीत वाचून दाखवा आणि समोरच्या बाईचा चेहरा बघा. आपल्याकडं ‘लाज वाटत नाही’ हे धीराचं वाक्य नाही, ती शिवी आहे. कुठली बाई त्यावर ‘पूर्ण सहमत’ म्हणेल? वर मराठीत नकारार्थी प्रश्नाला “हो” म्हटलं तर त्याचा अर्थ ‘हो, वाटत नाही’ असाही होतो आणि ‘हो, वाटते’ असाही. असे प्रश्न घटक विश्लेषणात (एकत्र हलणाऱ्या प्रश्नांचे गट पाडणाऱ्या आकडेमोडीत) सगळ्यांपासून फटकून एक वेगळाच घटक करून बसतात आणि संशोधक त्याला ‘सकारात्मक स्वप्रतिमा’ वगैरे छान नाव देतात. तो घटक व्याकरणाचा असतो. मी असे प्रश्न काढूनच टाकते.

शब्दांपेक्षाही अवघड असतो तो प्रश्नामागचा रिवाज. ‘तुम्हाला जेवायला वेगळं ताट-वाटी देतात का?’ हा प्रश्न जगभर चालतो. आपल्याकडं तो कुणाला विचारतोय यावर त्याचा अर्थ ठरतो. ज्या घरात सून सगळ्यांच्या शेवटी जेवते, जिथं महिन्यातले चार दिवस बाई बाजूला बसते, ज्या गावात हॉटेलातला वेगळा कप बघत माणूस मोठा झाला, तिथं ताट वेगळं असणं एचआयव्हीच्या आधीपासूनचं आहे. दलित वस्तीतला एक गृहस्थ मला म्हणाला होता, “वेगळा पेला आमच्या आज्यापासून आहे, त्यात नवीन काय?” आणि फॉर्मवर ‘नाही’ सांगितलं, कारण आजारामुळं असं काही झालंच नव्हतं. दुसऱ्या घरात कालपर्यंत एका ताटात जेवणाऱ्या भावानं ताट बदललं, तर तो वार काळजावरच बसतो. प्रश्न एकच, पण उत्तरांचं वजन एक नाही. म्हणून मी आता विचारते, “आधी कसं होतं आणि कळल्यानंतर काय बदललं?”

हळदीकुंकवाचं उदाहरण याहून बोलकं आहे. बायकांसाठी म्हणून आपणच एक ‘स्थानिक’ प्रश्न घालतो: सणासमारंभाला, हळदीकुंकवाला बोलावणं थांबलं का? ऐकायला फार सांस्कृतिक वगैरे वाटतं. पण आपल्या नमुन्यातल्या अर्ध्याअधिक बायका एचआयव्हीनं नवरा गेलेल्या असतील, तर त्यांचं बोलावणं थांबलं ते आजारानं की कुंकू पुसल्यानं? बहुतेकींना स्वतःलाही ते वेगळं करून सांगता येत नाही, आणि त्यांनी का सांगावं? शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तो करावा लागला यावरूनच ही प्रथा किती घट्ट आहे ते समजा. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या जोगतिणी तर रांडाव पुनवेला बांगड्या उतरवतात आणि अहेव पुनवेला पुन्हा भरतात. त्यांना ‘तुमचे पती हयात आहेत का’ हा रकाना कुठल्या तोंडानं विचारायचा? त्यांच्या आयुष्यात नाव ठेवणं एचआयव्हीच्या कितीतरी आधी आलेलं असतं. देवदासी प्रथेवर कर्नाटकानं 1982 मध्ये कायद्यानं बंदी आणली, पण गावानं दिलेली नावं कायद्यानं जात नाहीत.

तेव्हा एचआयव्हीचा स्टिग्मा सुटा काढून मोजता येतो, हे गृहीतच थोडं तपासून घ्या. निदान वैधव्य, जात आणि देवाला सोडलेलं असणं हे तीन रकाने नोंदवून ठेवा, आणि ताट-हळदीकुंकवाचे प्रश्न या गटांत वेगळे वागतात का ते बघा. एकूण गुण सारखे असलेल्या विधवा आणि सवाष्ण बायकांमध्ये हळदीकुंकवाच्या एकाच प्रश्नाला उत्तरं फार वेगळी येत असतील, तर तो प्रश्न आजाराबरोबर आणखी काहीतरी मोजतोय.

मोठ्या सरकारी पाहण्यांनाही यातून सुटका नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीत, 2005-06 मध्ये, सर्वसामान्य लोकांना चार प्रश्न होते: एचआयव्ही झालेल्या नातेवाइकाची घरी शुश्रूषा कराल का, अशा दुकानदाराकडून ताजी भाजी घ्याल का, अशा शिक्षिकेला शिकवू द्यावं का, आणि घरात कुणाला झालं तर ते गुप्त ठेवावंसं वाटेल का. चौथ्यावर माझा जुना राग आहे. गुप्त ठेवावंसं वाटलं की तो स्टिग्मा धरायचा. पण ज्या गावात एकाला कळलं की रात्रीत सगळ्या आळीला कळतं, तिथं सासू सुनेचा आजार दडवते ती तिला जपण्यासाठी. त्या सासूला आपण पूर्वग्रहदूषित म्हणून मोजायचं? भाजीचा प्रश्न त्यामानानं बरा, फक्त तो बाजार करणाऱ्याला विचारावा. आमच्याकडं खेड्यात आठवड्याचा बाजार बहुधा पुरुषच करून आणतात. बाई म्हणते, “घेतील की,” आणि ते उत्तर तिचं नसतंच.

उत्तरांच्या पट्टीबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती आम्हाला फार उपयोगी पडली. ‘पूर्णतः असहमत, असहमत, सहमत, पूर्णतः सहमत’ हे चार शब्द शाळा न शिकलेल्या माणसाला नुसता आवाज वाटतात. आम्ही आधी आणे वापरून बघितले, चार आणे, आठ आणे, बारा आणे, सोळा आणे. साठीच्या पुढच्यांना ते लगेच कळलं, पोरांना कळेना. शेवटी कागदावर भाकरी काढली. चतकोर, अर्धी, पाऊण, अख्खी. कानडीत तेच, काल, अर्ध, मुक्काल आणि पूर्ण, फक्त भाकरीची रोट्टी झाली. बोट ठेवून दाखवायचं: हे तुमच्या बाबतीत किती खरं? चतकोर की अख्खं? खानापूरच्या एका आजीनं पाऊण भाकरीवर बोट ठेवलं, मग थोडं मागं सरकवलं आणि म्हणाली, “पावणाला जरा कमी धर.” इतकं बारीक उत्तर मला ‘सहमत’वर कधी मिळालं नव्हतं. रिकामं ताट पाचवं म्हणून ठेवा, म्हणजे ‘अजिबात नाही’ला जागा मिळते.

कोण विचारतं, हेही मापाचाच भाग आहे. पुस्तकं सांगतात की मुलाखतकार स्थानिक घ्या. आमचा अनुभव उलटा. इथं ओळख होताच पहिला प्रश्न असतो, कुठल्या गावची, कुणाच्यातली. दुसऱ्या मिनिटाला मामाचं गाव निघतं आणि तिसऱ्या मिनिटाला समोरची व्यक्ती गप्प होते. मुलाखतकार भाषा बोलणारा हवा, पण तालुका दुसरा हवा. आणि मराठी घरात पहिलं वाक्य कानडीतून बोललात तर तुम्ही सरकारी माणूस झालात, कानडी घरात उलट केलंत तर तुम्ही कुठल्या तरी पक्षाच्या झालात. नंतर कितीही गोड बोला.

माणसं कुठून गोळा केलीत तेही बघा. बेळगावच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथं, बसून नमुना घेतलात तर रांगेत चंदगडची माणसंही असणार, त्यांना बेळगावच जवळ पडतं. आणि निपाणीतला जो सगळ्यात जास्त घाबरलेला आहे, तो तुम्हाला तिथं दिसणारच नाही, कारण ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तो गोळ्यांना कोल्हापूर गाठतो. अथणीचा मिरजेला जातो. सीमा आम्हाला दुसऱ्या काही कामाला आली नसेल, पण लपायला येते. यातले बरेच जण मराठी बोलणारे, म्हणजे तुमच्या मराठी गटातून कोण गळलं याचा दर कानडी गटाहून वेगळा असू शकतो. ‘गोळ्या घ्यायला किती लांब जाता, आणि जवळचं केंद्र का नको?’ हा एकच प्रश्न कित्येक वेळा अख्ख्या प्रश्नावलीपेक्षा जास्त सांगून जातो. पडताळा म्हणून तो ठेवाच. पट्टीवरचे गुण वाढतात तसं अंतरही वाढत असेल, तर पट्टी काहीतरी खरं मोजतेय असं धरता येतं. नैराश्यासाठी पीएचक्यू-9 दोन्ही भाषांत मिळतं, तेही जोडा. मात्र तीही पट्टीच आहे, ‘हो हो’वाला तिथंही ‘हो हो’च म्हणणार. पायपीट आणि बसभाडं खोटं बोलत नाही.

आता मूळ मुद्दा, दोन भाषांची तुलना. तराजूचा पासंग माहीत असेल. दोन्ही पारडी रिकामी असतानाच काटा एका बाजूला झुकलेला असतो तो पासंग. तुमच्या मराठी फॉर्मला पासंग आहे का, हे तपासल्याशिवाय सरासरींची तुलना करता येत नाही. याला संख्याशास्त्रात मापन-समानता म्हणतात आणि ती तीन टप्प्यांत तपासतात. आधी बघायचं की दोन्ही भाषांत प्रश्नांचे गट तसेच पडतात का. मराठीत चार धागे आणि कानडीत तीन निघाले तर विषय तिथंच संपला. मग बघायचं की प्रत्येक प्रश्न आपल्या धाग्याला दोन्हीकडं सारखाच घट्ट बांधलेला आहे का. हे जमलं तर स्टिग्मा आणि नैराश्य यांचा संबंध दोन्ही गटांत तोलून बघता येतो. तिसरा टप्पा पासंगाचा: आतला स्टिग्मा सारखाच असताना एखाद्या प्रश्नाला मराठी माणूस सहज अर्धी भाकरी जास्त दाखवतो का? हा टप्पा पार झाला तरच सरासरी शेजारी शेजारी मांडायच्या. एकेक अट घालत जाताना सीएफआय (मांडणी आकड्यांना किती चपखल बसते ते सांगणारा निर्देशांक) 0.01 पेक्षा जास्त घसरला की थांबायचं, हा चेउंग आणि रेन्सवोल्ड यांचा 2002 सालचा ठोकताळा बहुतेक जण वापरतात. प्रत्येक भाषेत निदान दोनशे माणसं असल्याशिवाय या वाटेला मी जाणार नाही.

तिसरा टप्पा सहसा मोडतोच. मोडला म्हणून प्रबंध बुडत नाही. कुठल्या प्रश्नानं मोडला ते शोधा, तेवढे एक-दोन मोकळे सोडून बाकीच्यांवर तुलना करा आणि तसं लिहा. माझ्या मते तो मोडलेला प्रश्नच तुमच्या प्रबंधातलं सगळ्यात वाचनीय पान होईल.

आणि तुमच्याकडं एक सोय आहे जी इतर कुठल्या संशोधकाला इतकी सहज मिळत नाही: दोन्ही भाषा सारख्या बोलणारी माणसं. घरी मराठी, शाळा कानडी, बाजारात दोन्ही. अशा पन्नास-साठ जणांना एक फॉर्म मराठीत आणि दोन आठवड्यांनी तोच कानडीत द्या. निम्म्यांना आधी कानडी, मग मराठी. माणूस तोच, आजार तोच, शेजारी तेच, तरी मराठी फॉर्मवर गुण वर गेले तर तो फरक फॉर्मचा आहे. हे लोक जरा जास्त शिकलेले, जास्त फिरलेले असतात, त्यामुळं सगळ्यांचे प्रतिनिधी नाहीत. पण फॉर्मचा पासंग पकडायला पुरतात.

त्याआधी मात्र प्रत्येक भाषेत आठ-दहा जणांबरोबर निवांत बसा. एकेक प्रश्न वाचा आणि म्हणा, “यात तुम्हाला काय विचारलंय असं वाटलं? तुमच्या शब्दांत सांगा.” बास. एवढ्यानं आमचा ‘मालक’ पहिल्या तासात सापडला असता. दुरुस्ती करा, परत दुसऱ्या आठ जणांकडं जा. हे करताना संमती लेखी घ्या आणि नावाऐवजी क्रमांक वापरा. 2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे आणि कुणाची स्थिती संमतीशिवाय उघड करायला त्यात मनाई आहे. भाषा, तालुका, जात आणि वैधव्य असे चार रकाने एकत्र आले की छोट्या गावात माणूस नावाशिवायही ओळखू येतो, तेव्हा ती फाईल पेनड्राइव्हवर घेऊन फिरू नका.

शेवटची शंका तुमच्या गटांबद्दलच आहे. ‘मराठी’ आणि ‘कानडी’ ही दोन संस्कृतींची नावं आहेत, हे कुणी ठरवलं? चिकोडीतला मराठा शेतकरी आणि लिंगायत शेतकरी एकाच कारखान्याला ऊस घालतात, एकाच सोसायटीचे कर्जदार असतात, आणि ‘भावकीत काय सांगू’ हा दोघांचा घोर सारखाच. कानडी बोलणारी जोगतीण आणि कानडी बोलणारी मास्तरीण यांच्यात मात्र भाषेशिवाय सामाईक काहीच नाही. मुसलमान वस्तीत तर दोन्ही फॉर्म परके, तिथं दखनीत विचारावं लागतं, आणि ते तुमच्या नमुन्यात कुठल्या गटात गेले हे तुम्ही लिहिलेलं नाही. फॉर्म भाषेनं वेगळे छापावे लागतात म्हणून गटही भाषेनं पाडायचे, ही सोय आहे, सिद्धांत नाही.

तूर्त मला प्रत्येक प्रश्नाचे गुण भाषेनुसार वेगळे काढून पाठवा, नुसती एकूण बेरीज नको. भाषांतराचा पहिला खर्डा आणि त्यावरच्या खाडाखोडीही ठेवल्या असतील तर द्या. मी आधी ताट, हळदीकुंकू आणि लाजेचे प्रश्न बघेन. आणि ती दोन भाषांत दोनदा विचारण्याची तपासणी करायची असेल तर ऊसतोड सुरू व्हायच्या आत उरका. एकदा कारखान्याचे भोंगे वाजायला लागले की माणसं दिवसभर फडात असतात, दुसऱ्या फेरीला निम्मी सुद्धा घरी सापडणार नाहीत.